गिरणीचं वायफाय

बायको गेल्यानंतर गिरणी बंद राहिली. बंद करायची असं मी काही ठरवलं नव्हतं. दिवसकार्य होईपर्यंत शटर खाली होतं आणि नंतर ते वर करायला कुणी उठलं नाही, एवढंच. कॉलनीतल्या बायका काही दिवस दळणाचे डबे घेऊन येत राहिल्या. शटरपुढे थांबायच्या, मग आठवण झाल्यासारख्या मागे फिरायच्या. पुढे त्यांनी चौकातली दुसरी गिरणी धरली.

आमचं घर सातपूरला, कामगारांच्या कॉलनीत. पुढची खोली रस्त्याला लागून, तिथे गिरणी. मी कंपनीत इन्स्पेक्शनला होतो. पार्ट हातात घ्यायचा, गेज लावायचा, मापात असेल तर उजवीकडे ठेवायचा, नसेल तर डावीकडे. ती घरी दळणं करायची. थंडीचे दिवस होते. सकाळी बाजरी दळता दळता तिला चक्कर आली, आणि संध्याकाळी डॉक्टरांनी मला एकट्याला बाजूला बोलावून सांगितलं की मेंदूत रक्तस्राव झाला होता, हातात काही राहिलं नव्हतं, ती गेली.

मी रडलो नाही. सटाण्याहून तिचा भाऊ आला, दारातच बसून मोठ्याने रडला. बायका रडल्या. माझ्याकडे सगळे अधूनमधून बघून घेत होते. मुलगी पुण्याहून आली होती. ती माझा हात धरून म्हणाली, "बाबा, रडून घ्या. बरं वाटेल." मी प्रयत्न केला. डोळे मिटून बसलो. बाहेर टेम्पो रिव्हर्स घेत होता, त्याची शिट्टी ऐकू येत होती. बाकी काही आलं नाही.

कंपनीत त्याच सुमारास स्वेच्छानिवृत्तीचं निघालं. बाकीचे घरी विचारून सांगतो म्हणाले. मी तिथल्या तिथे सही केली. घरी विचारायला कुणी नव्हतं म्हणून नव्हे. विचार करायचा कंटाळा आला होता.

त्यानंतरचे महिने कसे गेले ते मला नीट सांगता येत नाही. खाटेवर असायचो. टीव्ही चालू असायचा. चहाने जीभ भाजली तर ते दुपारी कळायचं. मुलगी रोज फोन करायची, "जेवलात का?" मी म्हणायचो, "हो." बहुतेक वेळा ते खरंच असायचं.

गल्लीला इंटरनेट पुरवणारा केबलवाला एकदा काही कामाने गच्चीवर जायला आला. चाळिशीचा माणूस, कमरेला पक्कड लटकवलेली, बोलका. उतरताना पुढच्या खोलीत डोकावला. शटर आतून बंद, अंधार, मधोमध गिरणी.

"काका, ही जागा नुसतीच पडली आहे," तो म्हणाला. "इथे वायफाय लावू या."

"मला टीव्हीपुरतं बास आहे."

"तुमच्यासाठी नाही हो. लोकांसाठी. पूर्वी एसटीडी बूथ असायचे ना, तसं. आता सरकारने दुकानदारांना वायफाय लावायला परवानगी दिली आहे, लायसन लागत नाही. लोक कूपन घेणार, फोनवर चालवणार. या गल्लीत मोबाईलला रेंज आहे का सांगा?"

धड रेंज नव्हती, हे खरं होतं. एका बाजूला कारखान्याची उंच पत्र्याची शेड आणि दुसऱ्या बाजूला तीनमजली घरं. भाड्याच्या खोल्यांत कंत्राटी कामगार राहायचे, एकेका खोलीत चौघं-पाचजण. शिफ्ट सुटली की फोन घेऊन गच्चीवर चढायचे, नाहीतर चौकापर्यंत चालत जायचे.

मी हो म्हणालो. नाही म्हटलं असतं तर त्याने अजून समजावलं असतं, ते ऐकायची ताकद नव्हती.

दोन दिवसांनी तो सामान घेऊन आला. गच्चीवर जुन्या डिशचा खांब होता, त्यावर त्याने पांढरा चपटा डबा बसवला. लहान मुलाच्या खाऊच्या डब्याएवढा. "हा बाहेर सिग्नल फेकणार," तो म्हणाला. तिथून वायर खाली आणली, खिडकीच्या चौकटीला भोक पाडून आत घेतली. राउटर ठेवायला गिरणीच्या वर भिंतीत एक फळी होती. तिच्यावर बायकोचा रेडिओ असायचा. केबलवाल्याने रेडिओ उचलून माझ्या हातात दिला. मी तो कपाटात ठेवून आलो. घरचा इन्व्हर्टर त्याने राउटरला जोडून दिला, लाईट गेली तरी चालावं म्हणून.

"हा दिवा लाल झाला तर समजायचं, मागून लाईन गेली. मला फोन करायचा. हा हिरवा लुकलुकला तर समजायचं, कुणीतरी वापरतंय. आता नाव सांगा."

"कुणाचं?"

"वायफायचं. लोकांच्या फोनवर काय दिसलं पाहिजे?"

मला काहीच सुचेना. तो स्वतःच टाईप करून मोकळा झाला. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या सगळ्या फोनवर 'गिरणी' दिसायला लागलं. पोरं फोनवर एकमेकांना सांगायची, "गिरणीवर आहे, नंतर बोलतो." बंद पडलेली गिरणी अशी सगळ्यांच्या तोंडी झाली. मला त्याचं बरं वाटलं नाही आणि वाईटही वाटलं नाही.

शटर मात्र रोज वर करावं लागलं. कूपन द्यायला कुणीतरी समोर हवं. गिऱ्हाईक यायचं, मी नंबराची चिठ्ठी द्यायचो, तो स्वतःचा मोबाईल नंबर टाकायचा, ओटीपी यायचा, मग चिठ्ठीवरचा नंबर घातला की नेट सुरू. ओटीपी पकडायला पोरं फोन डोक्यावर धरून चौकाच्या दिशेने चार पावलं पळायची आणि परत यायची. दळणाला आलेल्या बायका बसायच्या त्या लोखंडी बाकावर आता फोन घेतलेली माणसं बसायला लागली. संध्याकाळी बाक भरलं की पायरीवर, पायरी भरली की समोरच्या टेम्पोच्या फाळक्यावर.

माझ्या फोनवर एक पॅनल होतं. आत्ता कोण कोण जोडलेलं आहे, कुणाचं किती चाललंय, ते त्यात दिसायचं. नावं नसायची, मोबाईल नंबरचे शेवटचे चार आकडे. ते मला सोयीचं होतं. माणसांकडे बघून बोलण्यापेक्षा आकडे बघणं सोपं. एखादा नंबर सगळा वेग स्वतःकडे ओढून घ्यायचा, गेम नाहीतर पिक्चर. मग बाहेरून हाका यायच्या, "काका, अडकतंय!" मी प्रत्येकाला वेगाची मर्यादा घालायला शिकलो. नंतर फोन हातात घेऊन गल्लीभर चाललो, सिग्नल कुठे पडतो ते बघत. शेवग्याच्या झाडापाशी कमी व्हायचा, टेम्पोच्या मागे जवळपास नाहीसा. गच्चीवर जाऊन डबा थोडा फिरवायचा, परत खाली येऊन चालायचं. असं बऱ्याच दुपारी केलं. त्यात आनंद होता असं नाही म्हणता येणार. हाताला मोजायची सवय होती, ते काम मिळालं.

एकदा राउटर तापून बंद पडायला लागला. केबलवाल्याने तो उघडला, आत फुंकर मारली आणि डोळे चोळत म्हणाला, "काका, गिरणी चालवता का मधूनच? आत सगळं पीठ आहे."

गिरणी बंद पडून कितीतरी महिने झाले होते. पुढच्या खोलीच्या पत्र्यावर, वाशांवर, दिव्याच्या दांडीवर बसलेलं पीठ अजून खाली येत होतं. मी म्हणालो, "नाही, चालवत नाही." त्याने ब्रशने राउटर साफ केला. पांढरा चिमूटभर ढीग फळीवर राहिला. तो मी पुसला नाही, पण जपून ठेवावा असंही वाटलं नाही. पंख्याने तो आपोआप गेला.

आमच्यापासून दोन घरं सोडून एक काका राहायचे. रेल्वेत स्टेशन मास्तर होते. मनमाडजवळच्या लहान लहान स्टेशनांवर त्यांची सगळी नोकरी झालेली. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा कंपनीत, सून शाळेत शिक्षिका, त्यामुळे दिवसभर ते घरात एकटे. रोज सकाळी पायजमा आणि चपला घालून दुधाची पिशवी आणायला जायचे आणि जाताना शटरकडे बघून हात वर करायचे. मीही करायचो. आमची ओळख एवढीच.

त्या दिवशी कामगारांची सकाळची गर्दी ओसरल्यावर ते आले. अंगात इस्त्रीचा शर्ट, पँट, पायांत पॉलिश केलेले काळे बूट. कुठे लग्नाला निघाले असतील असं वाटलं. त्यांनी फोन छातीशी धरला होता. माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाले, "एक कूपन द्या. मोठं द्या. दिवसभराचं." ओटीपीसाठी चौकाच्या दिशेने गेले, परत आले, आणि बाकाच्या अगदी टोकाला जाऊन बसले. फोन दोन्ही हातांनी तोंडासमोर धरला. बोलत मात्र काही नव्हते.

मी आत येऊन बसलो. तासाभराने पॅनल उघडलं. जोडलेला एकच नंबर होता, त्यांचा. नेहमी लोकांच्या फोनमध्ये आत खूप येतं आणि बाहेर थोडं जातं. पिक्चर, गाणी, बातम्या, सगळं आत. इथे उलटं होतं. बाहेर जाणारं थांबतच नव्हतं. माणूस गप्प बसला होता आणि त्याचं चित्र सतत कुठेतरी जात होतं.

उन्हाचे दिवस. बारापर्यंत बाकावर सावली असते, मग ऊन थेट येतं. सगळे तेव्हा आत सरकतात. काका सरकले नाहीत. टकलावर ऊन घेऊन तसेच बसलेले. मी तांब्या भरून बाहेर गेलो.

"काका, पाणी घ्या."

त्यांनी मान हलवली नाही. फक्त डोळे हलवले, नको म्हणून, जा म्हणून. तेवढ्यात फोनमधून पुरुषी आवाज आला. "कौन है वहाँ? कैमरा घुमाइए!"

"कोई नहीं सर," काका म्हणाले. "रास्ते का आदमी है. चला गया."

मला पडदा दिसला. खाकी कपड्यातला माणूस, मागे झेंडा, टेबलावर कागदांचे गठ्ठे. साहेब टेबलाशी बसावा तसा तो बसला होता आणि काकांकडे बघतही नव्हता, काहीतरी खात होता.

मी तांब्या घेऊन परत आलो आणि खुर्चीत बसलो. इथे मला काळजी वाटली असं लिहायला पाहिजे. वाटली नाही. जे चाललंय ते मापात नाही एवढं कळत होतं, कंपनीत पार्ट हातात घेतल्याबरोबर कळायचं तसं. फोन लावताना हल्ली सूचना वाजते, व्हिडिओवर कुणी पोलीस म्हणून धमकावलं तर विश्वास ठेवू नका, ती मी शंभरदा ऐकली होती आणि कधीच लक्ष दिलं नव्हतं. ती आता आठवली. तरी मी उठलो नाही. बसून राहिलो. दुसऱ्याच्या घरात आपण कशाला, असंही नाही. शरीर उठतच नव्हतं.

मग मला दिसलं की काकांच्या इस्त्रीच्या पँटचा पुढचा भाग ओला झाला आहे. बाकाखाली फरशीवर पाणी ओघळत होतं. माझा तांब्या सांडला नव्हता. ते तशाच अवस्थेत, तसेच ताठ, फोन तोंडासमोर धरून बसले होते. त्यांना जागेवरून उठायची परवानगी नव्हती.

मी गिरणीवर पाय देऊन उभा राहिलो आणि राउटरची पिन उपटली.

बाहेर क्षणभर काही झालं नाही. मग काका उठले. "लाईन गेली," ते स्वतःशीच म्हणाले. मग ओरडले, "लाईन गेली!" आणि ओल्या पँटीनिशी आत धावत आले.

"चालू करा! भाऊ, चालू करा लवकर!"

"बसा आधी."

"पाच मिनिटांत परत आलो नाही तर गाडी निघेल त्यांची. मुलाला उचलतील. सुनेच्या शाळेत जातील. चालू करा हो!"

"कोण उचलेल?"

"दिल्लीचे पोलीस! माझ्या नावाने पार्सल पकडलं आहे, त्यात नशेचं सामान निघालंय. कालपासून मी अटकेत आहे."

"काका, फोनवर कुणाला अटक होत नाही."

त्यांनी मला मारलं. दोन्ही मुठींनी, छातीवर. सत्तरीचा माणूस, पण सगळा जीव एकवटून मारलं. मी मागे जाऊन गिरणीच्या लोखंडी कडेवर आदळलो. पाठीत कळ आली. ते पुन्हा मारायला पुढे आले आणि हात वर असतानाच थांबले. पिन माझ्या हातात होती, तिच्याकडे बघत राहिले. मग हळूहळू खाली बसले, फरशीवर, भिंतीला टेकून. फोन अजून हातात गच्च. मी त्यांच्या समोर बसलो आणि त्यांची बोटं एकेक करून सोडवली. फोन बंद केला. ते मला अडवत नव्हते, पण बोटंही ढिली सोडत नव्हते.

मी त्यांना मोरीत नेलं. बादली भरून दिली. माझा पायजमा दिला. बाहेर आले तेव्हा ते तांब्याभर पाणी एका दमात प्याले, मग दुसरा तांब्या. मग सांगितलं, तुटक तुटक. आदल्या दिवशी दुपारी फोन आला होता. खाकी कपडे बघून ते उभेच राहिले होते. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, घरच्यांना कळलं तर तेही आरोपी. रात्र त्यांनी गच्चीवरच्या खोलीत, जिथे थोडी रेंज येते तिथे, दार लावून घेऊन फोनसमोर खुर्चीत काढली. सुनेला सांगितलं, पोट बिघडलंय. सकाळी फोनमधला डेटा संपत आला तेव्हा त्या माणसानेच सांगितलं, जवळ वायफाय असेल तिथे जा, पण एकटे बसा. दुपारी बँकेत जाऊन ठेव मोडायची होती. थोडे पैसे आदल्या दिवशीच पाठवून झाले होते.

"बूट का घातले?" मी विचारलं. का विचारलं ते माहीत नाही.

"साहेबांसमोर बसायचं," ते म्हणाले.

तेवढ्यात केबलवाला घाईत आला आणि मला म्हणाला, "काका, गिरणी बंद का दिसतेय? मागून लाईन तर चालू आहे!" त्याने माझ्या हातातली पिन पाहिली, फरशीवर माझ्या पायजम्यात बसलेले काका पाहिले. त्याला सगळं सांगावं लागलं. पुढचं त्यानेच केलं. चौकात जाऊन काकांच्या मुलाला फोन लावला, सायबरच्या तक्रारीच्या नंबरवर फोन लावला.

मुलगा कंपनीच्या गणवेशातच आला. आधी घाबरलेला होता. वडील धड आहेत म्हटल्यावर चिडला.

"बाबा, एवढी वर्षं नोकरी केलीत तुम्ही! एका फोनला घाबरलात? मला सांगता येत नव्हतं?"

"तुलाच उचलणार होते," काका म्हणाले.

मुलगा दुसरीकडे तोंड करून उभा राहिला.

आम्ही चौघं पोलीस स्टेशनला गेलो. तिथे एक महिला अधिकारी होत्या, तरुण. त्यांनी सगळं लिहून घेतलं. वायफाय कुणाचं, किती वेळ चालू होतं, मीच पिन काढली का, ते मला विचारलं. काका टेबलासमोर उभे होते. अधिकारी म्हणाल्या, "आजोबा, बसा ना."

"बसू का?" काकांनी विचारलं.

"हो, बसा."

तरी ते मुलाकडे बघत राहिले. मुलाने खांद्याला धरून त्यांना खुर्चीत बसवलं.

ठेव वाचली. आदल्या दिवशी गेलं ते परत आलं नाही. गल्लीत माझा मोठा बोलबाला झाला. कुणीतरी गिरणीपुढे उभा असलेला माझा फोटो काढून कॉलनीच्या ग्रुपवर टाकला, खाली हात जोडलेली चित्रं. मुलीला तो फोटो कसा पोचला कोण जाणे. फोनवर ती रडत होती. "बाबा, तुम्ही केवढं मोठं काम केलंत." मी म्हणालो, "पिन काढली फक्त." ती म्हणाली, "आईला केवढा अभिमान वाटला असता." मी म्हणालो, "हं." छातीवर दोन ठिकाणी निळं पडलं होतं. आंघोळ करताना तिथे दाबलं की दुखायचं. मी काही दिवस रोज दाबून बघत होतो.

काका मात्र दिसेनासे झाले. दूध सून आणायची. मुलाने त्यांचा मोठा फोन काढून घेऊन बटणांचा साधा दिला होता. त्यांना त्याचंही वाईट वाटलं नव्हतं म्हणे, उलट सुटल्यासारखं झालं होतं. पण लोक काय म्हणतील म्हणून घराबाहेर पडत नव्हते. एके दुपारी मी त्यांच्या दारात गेलो. आजवर कुणाच्या दारात गेलो नव्हतो, बायको गेल्यानंतर तर नाहीच. काका पलंगावर बसले होते, धुऊन इस्त्री केलेला माझा पायजमा उशाशी घडी घालून ठेवलेला.

"परत द्यायला यायचं होतं," ते म्हणाले. "पण कसं येऊ?"

"मला एक पाटी लिहायची आहे," मी म्हणालो. हे मी तिथेच ठरवलं. "माझं अक्षर बरं नाही."

दुसऱ्या दिवशी शिफ्टचे लोक गेल्यावर ते आले. मी पत्र्याचा तुकडा आणि काळा रंग आणून ठेवला होता. खाली बसून त्यांनी आधी पेन्सिलने रेघा आखल्या, मग ब्रश घेतला. स्टेशनवर खडूने गाड्यांच्या वेळा लिहिलेल्या असतात तसं ठसठशीत अक्षर: 'पोलीस फोनवर अटक करत नाहीत. शंका आली तर आत येऊन विचारा.' लिहून झाल्यावर बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"'आत येऊन विचारा' मोठं हवं होतं," ते म्हणाले.

"दिसतंय."

"नाही. मला त्या दिवशी दिसलं नसतं." मग त्यांनी ती ओळ पुसून पुन्हा लिहिली.

पाटी शटरच्या बाजूला लावली. तेव्हापासून ते दुपारी येऊन बसतात. बाहेर नाही, आत, गिरणीच्या पलीकडे स्टूल टाकून. आम्ही फार बोलत नाही. कुणी ओटीपी येत नाही म्हणून वैतागला की काका उठून त्याला नेमकी जागा दाखवतात, शेवग्यापासून चार पावलं अलीकडे. कुणी फार वेळ गप्प बसून फोन तोंडासमोर धरला तर आम्ही दोघं त्याच्याकडे बघतो. बहुतेक वेळा तो क्रिकेट बघत असतो.

पावसाळा संपत आला तेव्हा मुलाने त्यांना मोठा फोन परत दिला. अट एकच, व्हिडिओ कॉल लावायचा तर गिरणीत बसून. काकांनी पहिला कॉल मनमाडला बहिणीला लावला. त्या त्यांच्याहून मोठ्या, तोंडात दात नाहीत, फोन इतका जवळ धरलेला की कपाळच दिसत होतं. भावाचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "तो वायफायवाला कुठे आहे? दाखव मला."

काकांनी फोन माझ्याकडे वळवला. मी नमस्कार केला.

"बाळा, देवासारखा आलास रे. मनमाडला या जेवायला. दोघं या."

"येईन मी."

"मी म्हणजे? बायकोला घेऊन यायचं. नाहीतर दाराशीच उभा ठेवीन."

काका फोन मागे ओढायला लागले. मी त्यांचा हात धरला. गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, नातेवाईकांना माहीत होतं, कंपनीत माहीत होतं. मला हे कुणाला सांगावंच लागलं नव्हतं.

"ती वारली," मी म्हणालो.

पडदा थांबला. बहिणीचं कपाळ अर्धवट हललेलं, तसंच गोठून राहिलं. मग आवाज आला, तुटत तुटत. "ऐकू नाही आलं रे. काय म्हणालास? परत सांग."

मी फोन तोंडाजवळ घेतला.

"माझी बायको वारली," मी मोठ्याने म्हणालो. बाकावर बसलेली दोन पोरं वळून बघायला लागली. "गेल्या थंडीत. बाजरी दळताना."

आता चित्र चालू झालं होतं. त्यांनी फोन लांब धरला, पहिल्यांदाच सगळा चेहरा दिसला.

"अरे बाबा," त्या म्हणाल्या. "काय झालं होतं तिला?"

मी स्टूल ओढून बसलो आणि सकाळपासूनचं सांगायला लागलो. ती उठली किती वाजता, चहा कुणी केला होता, कोणाचं दळण चालू होतं. मध्ये एकदा आवाज फुटला माझा, तेव्हा काकांना वाटलं लाईन अडकली. ते उठून राउटरचा दिवा बघून आले. हिरवा होता.